शेवटच्या रांगेतून

नाशिकच्या पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या स्पर्धेला गर्दी टिकेना, म्हणून अध्यक्ष बापूसाहेब रणनवरे यांनी आधी टेबलाभोवती धूर सोडला, मग रंगीत दिवे फिरवले. अंतिम सामन्यात ताशा वाजवायचा ठरल्यावर मात्र चारुता दिघे वैतागली. ती अंतिम फेरीत पोचली होती, आणि त्या धुरात तिला पांढरा चेंडूही धड दिसला नव्हता.

"ताशाच्या गोंगाटात नेम कसा धरायचा, साहेब?"

"खेळच कंटाळवाणा आहे, त्याला मी काय करू?" बापूसाहेब म्हणाले. "लोक बसणार नसतील, तर पुढच्या वर्षी स्पर्धा बंद."

चारुताने राग गिळला. "आत्ताचा दुसरा उपांत्य सामना शेवटच्या रांगेतून बघा. कंटाळा आला नाही, तर ताशा मी वाजवीन."

बापूसाहेब तावातावाने मागे जाऊन बसले. टेबलाला लागून मान्यवरांचे उंच सोफे होते. अर्धा तास बापूसाहेब मान उंचावत राहिले. पुढे टाळ्या पडल्या, तेव्हा त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं, "काय झालं हो?"

"काय माहीत. आम्ही नुसता खटखट आवाज ऐकतोय," त्या म्हणाल्या.

सामना संपताच चारुता आली. "आला कंटाळा?"

"येणारच. पाठींशिवाय काही दिसतंय का इथून?"

"मग साहेब, कंटाळवाणा खेळ आहे, की तुमचे मान्यवर?"

आजूबाजूचे हसले. बापूसाहेबांनी सोफे हलवायला माणसं बोलावली.

संध्याकाळी अंतिम सामन्याला ताशा नव्हता; सोफे गेले आणि टेबलावर टांगलेल्या कॅमेऱ्यातून खेळ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसू लागला. चारुता एका चेंडूने हरली. पण तो चेंडू टेबलाच्या खिशाच्या तोंडाशी रेंगाळला, तेव्हा शेवटची रांग श्वास रोखून उभी होती.