ओलेतं आणि मलम

"मग चुकतंय कोण, महाराज? मलम की मी?"

विश्वंभर गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. कमरेला ओला पंचा. भर थंडीतही नदीत बुडी मारून तो ओलेत्यानंच पूजेला यायचा. मठातले बाकीचे शिष्य वाळलेलं सोवळं नेसत. त्यांच्याकडे तो जरा वरूनच बघायचा.

मग नायटा झाला. आधी कमरेला, नंतर मनगटावर. महाराजांनी त्याच्याकडची पूजा काढून घेतली. "बरा हो, मग ये," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

महाराज आज स्वतःच अभिषेक करत होते.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"क्लोट्रिमॅझोल लावा म्हणाले. बुरशीवरचं आहे. लावलं. खाज गेली. थांबवलं, तर पुन्हा हजर."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, हे बुरशीला ठार मारेलच असं नाही, पण वाढू देत नाही. आता जे मारत नाही, ते औषध कसलं?"

"आणखी?"

विश्वंभर घुटमळला.

"म्हणाले... अंग कोरडं ठेवा. ओल असली तर मलम तरी काय करणार."

"मग?"

"मग माझा नेम? औषध धरावं तर ओलेतं सुटतं. ओलेतं धरावं तर नायटा जात नाही. नायटा गेला नाही तर पूजा नाही. मग हे ओलेतं कुणासाठी? मला काही कळेनासं झालंय, महाराज."

खरंच कळेनासं झालं होतं. रडू यायचंच बाकी होतं.

महाराजांनी अभिषेक आटोपला.

त्यांनी ताम्हनातून दत्ताची मूर्ती उचलली. तिच्यावरून पाणी निथळत होतं. तशीच सिंहासनावर ठेवली आणि गंधाची वाटी पुढे ओढली.

"महाराज, पुसायची राहिली."

"कशाला पुसायची?"

"ओली कशी ठेवायची? कोरड्या वस्त्रानं टिपून मग गंध लावायचं. तुम्हीच शिकवलंत."

"मी?"

"हो... तुम्हीच."

विश्वंभर गोंधळून बघत राहिला. पंच्याचं पाणी त्याच्या पायांवरून उंबऱ्याशी साचत होतं.

महाराजांनी गंधात बोट बुडवलं.

"राहू दे देव तसाच ओला. त्यालाही तुझ्याइतकं सोवळं होऊ दे."