काकडगडच्या शालीतला गळलेला टाका

एक होता राजा आणि त्याचा होता एक गड. थंडी सुरू झाली की राजा सात रजया घेऊन झोपायचा, तो थेट होळीला उठायचा. त्यामुळे या गोष्टीत त्याचं काही काम नाही. त्याला झोपू द्या.

गडाचं नाव काकडगड. तिथं थंडी किती? तर गवळी म्हशीखाली बसला की दुधाची धार वाटेतच गोठायची. मग तो तिच्या कांड्या मोडायचा आणि घरोघर दोन-दोन कांड्या वाटायचा. दुपारी बाहेर उभं राहिलं की सावली जमिनीला चिकटायची, ती उलथन्यानं सोडवून घ्यावी लागायची. हसू नका. ते उलथनं मी पाहिलंय.

मग एवढ्या थंडीत माणसं जगायची कशी? तर गडाची एक शाल होती. जाडजूड, लोकरीची, दोन सुयांवर विणलेली. तिचं विणकाम कधी संपायचंच नाही, बरं का. गडावर जितकी माणसं, तितके टाके सुईवर. टाका म्हणजे लोकरीचा एक फास, सुईवर बसलेला. मूल जन्मलं की एक नवा टाका घालायचा. माणूस गेलं की त्याचा टाका हलक्या हातानं बंद करायचा. आणि दर संक्रांतीला एक सुई विणायची, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ. ज्याचा टाका सुईवर, त्याच्या अंगात ऊब.

विणायच्या द्वारकाकाकू. संक्रांतीच्या सकाळी सगळा गड रांगेनं त्यांच्याकडे यायचा. एकेक जण काकूंच्या हातावर तीळ ठेवायचा आणि कानात सांगायचा, "बरं गेलं वर्ष," नाहीतर, "जड गेलं." बरं गेलं असेल तर काकू सुलट टाका घेत. तो कसा दिसतो? गव्हाच्या दोन दाण्यांसारखा, एकमेकांना टेकलेला. जड गेलं असेल तर उलट टाका. तो दिसतो गाठोड्यासारखा, छोटासा, फुगीर. काकू तो जास्त सांभाळून घेत. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

आता त्या गडावर एक मुलगी होती, गोदी. अकरा वर्षांची. बाप घोंगड्या घेऊन खालच्या मुलखात गेलेला. घरात ती आणि तिची आई, राही. आई तिला गोदी म्हणायचीच नाही. म्हणायची, "कापशे." कापशे, जेवायला ये. कापशे, केस विंचर. हे असलं नाव का, ते गोदीला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, सगळ्या आयांना एकेक खूळ असतं.

गोदीचा हात विणकामात चांगला होता. तीन वर्षं ती काकूंकडे शिकत होती. आणि त्या संक्रांतीला काय झालं, काकूंची बोटं आखडली. सुई धरवेना. रांग संपली, कोणाचं वर्ष कसं गेलं ते काकूंनी गोदीला सांगितलं आणि म्हणाल्या, "या वर्षीची सुई तू घे."

"मी?"

"मग काय राजाला उठवू? नीट ऐक. ओळ मधेच सोडून उठू नकोस. उठलीसच, तर टाके मोज. आणि मोजून कमी आले, तर जागची हलू नकोस."

मग काकू शेजारच्या त्यांच्या घरी शेकत पडल्या. गोदी शालीच्या खोलीत विणायला बसली. दोनशे तेरा टाके. सुलट, सुलट, उलट, सुलट. अर्धी ओळ झाली आणि दारातून आईची हाक आली, "कापशे, गुळाची पोळी गरम आहे गं, खाऊन जा!"

गोदी उठली. मनगटात संक्रांतीच्या नव्या बांगड्या होत्या. त्यातली एक सुईत अडकली आणि सुई सुळकन बाहेर आली. पाच फास मोकळे. गोदीनं घाईघाईनं ते परत सुईवर चढवले, पोळी खाल्ली, परत आली, ओळ पुरी केली. मग मोजले. दोनशे बारा.

ती स्वतःशी म्हणाली, मोजायला चुकले असेन.

आणि घरी गेली.

घरात आई चुलीपाशी होती. म्हणाली, "कापशे, तांबूला चारा घातलास का?"

तांबू गाय दोन वर्षांपूर्वी मेली होती. गोदीला वाटलं, आई चेष्टा करतेय. मग एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ गेला. आई म्हणाली, "अगं, तुझा पुढचा दात कधी आला? काल तर पडला." गोदीनं दाताला हात लावला. मग आणखी काही भाकऱ्यांइतका वेळ गेला. आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "बाळ उठलं का गं?"

घरात बाळ नव्हतं. गोदी चार वर्षांची असताना तिला भाऊ झाला होता, आणि तो त्याच थंडीत गेला होता. एक पिवळं झबलं तेवढं उरलं होतं, आईच्या पेटीत, तळाशी. गोदीनं आईचा हात धरला. हात गार लागला.

तिनं आईला ओढतच शालीपाशी नेलं. पाहते तो काय, मधोमध एक टाका गळलेला. गळलेला टाका जागेवर थांबत नाही, बरं का. तो एकेक ओळ खाली उतरत जातो, आणि त्याच्या मागं नुसते आडवे धागे राहतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. एका भाकरीच्या वेळात एक पायरी. प्रत्येक पायरी आईचं एक वर्ष. सात पायऱ्या झाल्या होत्या. आईचं वय चौतीस. म्हणजे सगळ्या मिळून पायऱ्या चौतीस.

काकूंना सांगायचं? गोदीला भीती वाटली. तिनं आधी स्वतःच खटपट केली. शिडीचे धागे दोन्हीकडून घट्ट ओढले, की भोक बुजेल. तर शेजारचे दोन टाके आवळले, आणि लगेच पलीकडच्या आळीत गणोबा सुतार आणि त्याची बहीण छाती धरून खोकायला लागले. गोदीनं धागे सोडले.

मग तिनं दुसरी युक्ती केली. गुंड्यातली लोकर घेतली आणि सुईवर एक नवा टाका घातला. मोजले. दोनशे तेरा. बरोबर! आणि त्याच वेळी एक बाई दारात येऊन उभी राहिली. लुगडं होतं, बांगड्या होत्या, चेहरा मात्र नव्हता.

"तुम्ही कोण?" गोदीनं विचारलं.

"तूच सांग," ती बाई म्हणाली. "तूच बोलावलंस."

गोदीनं तो टाका उसवला. बाई विरून गेली. दार नुसतं उघडं राहिलं. आणि मागून आई म्हणाली, अगदी गोड आवाजात, "तू कोणाची गं, मुली?"

मग मात्र गोदी काकूंकडे धावली. काकू काठी टेकत आल्या, त्याला वीसेक भाकऱ्यांचा वेळ गेला. शाल पाहिली.

"मोजले होतेस?"

"मोजले."

"किती?"

"एक कमी. मला वाटलं, मोजायला चुकले."

"सगळ्यांना तसंच वाटतं," काकू म्हणाल्या. "विणायला आपण कधी चुकत नाही. मोजायलाच चुकतो." पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कमरेची क्रोशाची सुई काढली. तिच्या टोकाला आकडी असते ना, तीच. "माझी बोटं चालत नाहीत. तुलाच करायचंय. वरून ओढून काही होत नाही, पोरी. खाली जा. सगळ्यात खालचा फास आकडीत धर. वरचा आडवा धागा त्या फासातून ओढून घे. झाला एक टाका. मग त्याच्या वरचा धागा. असं पायरी पायरी वर ये. ती पायरी उलट असेल, तर शाल पालटायची आणि मागच्या बाजूनं घ्यायची."

गोदीनं खाली पाहिलं. फास उतरत उतरत अगदी तळाशी आला होता, जिथं आईच्या जन्माचा टाका घातलेला होता. आई भिंतीशी अंग मुडपून बसली होती आणि अंगठा चोखत होती.

गोदीनं फास धरला. एक धागा ओढला, दुसरा ओढला. आणि मग तिच्या मनात आलं, आईची जड वर्षं आपण परत कशाला विणायची? कोण विचारतंय? सगळे सुलट घेऊ. शाल पालटायचीही कटकट नाही.

आणि तिनं चौतीसच्या चौतीस सुलट घेतले. काकू नुसत्या बघत होत्या. टाका सुईवर बसला. आईच्या गालांवर रंग आला. ती उठली, पदर झटकला आणि हसली. "चला गोदावरी, घरी जाऊ."

गोदीला इतका आनंद झाला, की आपल्याला पूर्ण नावानं हाक मारली हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

घरी आईनं पेटी आवरायला काढली. गुणगुणत होती. कपाळावर एक आठी नाही. चुलीपुढं राख सांडली होती. आईनं पेटीच्या तळातून एक फडकं काढलं आणि राख पुसायला लागली.

पिवळं झबलं.

"आई, ते काय करतेस?"

"अगं, कुठलं तरी जुनेर आहे. पोतेऱ्याला बरं." आणि आई परत गुणगुणायला लागली.

गोदीनं ते झबलं तिच्या हातातून घेतलं, राखेसकट छातीशी धरलं आणि काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. काकू तिची वाटच पाहत होत्या.

"उलटे किती होते?" गोदीनं विचारलं.

"चार. माझ्याच हातचे आहेत, विसरेन कशी? तिचा बाप गेला, ते तिचं नववं वर्ष. कडा कोसळून गोठा गेला, ते सोळावं. तुझा भाऊ गेला, ते सत्ताविसावं."

"आणि चौथा?"

काकूंनी तिला जवळ बसवलं. "तेविसावं. तू झालीस ते."

गोदीनं झबलं आणखी घट्ट धरलं.

"सातव्या महिन्यात आलीस. एवढीशी, ओंजळीत मावणारी. लोकर टोचेल म्हणून तुला पिंजलेल्या कापसात ठेवलं होतं. चाळीस दिवस तुझ्या आईनं पाठ टेकली नाही. तुझा श्वास चाललाय का, ते बघायला कापसाचा तंतू तुझ्या नाकापाशी धरून बसायची. त्या संक्रांतीला तू तिच्या मांडीवर होतीस, जिवंत. तरी माझ्या कानात म्हणाली, जड गेलं. आणि हसली."

आता पुढचं नीट ऐका.

चुकलेले टाके सुधारायचे तर ते आधी उसवावे लागतात. म्हणजे सुईवर बसलेला आईचा टाका गोदीला आपल्या हातानं सोडायचा होता. तिनं आईला बोलावून आणलं, समोर बसवलं. मग टाका सोडला. या वेळी तो भाकरीला थांबला नाही, सरसर खाली गेला. आईच्या डोळ्यांतून गोदी गेली, बाप गेला, घर गेलं. तळाशी आल्यावर गोदीनं फास आकडीत पकडला आणि श्वास रोखून धरला. तो सुटला असता, तर आई सुटली असती.

मग ती चढायला लागली. आठ टाके सुलट. नववा आला. तिनं शाल पालटली, मागून उलट घेतला. आईच्या ओठांना कंप सुटला. सोळावा, उलट. तेविसावा आला आणि गोदीचा हात थांबला. हे माझं वर्ष. तिनं शाल पालटली. तो उलट टाका तिनं घेतला तसा कुणीच कधी घेतला नसेल, इतका जपून. सत्ताविसावा घेताना तिला दिसेनासं झालं, म्हणून तिनं डोळे बाहीला पुसले आणि मगच घेतला. मग उरलेले सात. चौतिसावा सुईवर बसला.

आईचं लक्ष गोदीच्या कमरेला खोचलेल्या झबल्याकडे गेलं. तिनं ते काढून घेतलं, राख झटकली, तोंडावर धरलं आणि रडली. खूप रडली. काकूंनी तिला रडू दिलं.

रडून झाल्यावर तिनं गोदीचे हात आपल्या हातात घेतले आणि चोळायला लागली.

"कापशे," ती म्हणाली, "किती गार पडलेत गं तुझे हात."

आईचे हात गरम होते.

मग गोदीनं टाके मोजले. दोनशे तेरा. तरी परत मोजले. आणि परत एकदा. तेव्हापासून काकडगडची शाल गोदी विणायला लागली. कोणी कानात "जड गेलं" म्हटलं, की ती तो टाका जास्त सांभाळून घ्यायची. झबलं पेटीत गेलं, आई चुलीपाशी गेली, बाप घोंगड्या विकून परत आला आणि ती सगळी माणसं उबेत राहिली. राजा होळीला उठला. काय झालं म्हणून विचारलं, तर कुणी त्याला सांगितलंच नाही.

चला, आता पांघरुणं ओढा. पाय आत घ्या. तुझा कान बाहेर राहिलाय, तोही आत. थांबा, दिवा मालवायच्या आधी मोजून घेते. एक, दोन, तीन, चार. चार?

परत मोजते. एक, दोन, तीन, चार, आणि हा बघा उशीखाली शिरलाय, पाच.

बरोबर आहेत. झोपा.