फटीवरचा ढोक

त्या रानाला चोहीकडून बाभळीचं कुंपण होतं, वर वेलींचं दाट छत होतं आणि बाहेर बोलायला मान जाईल एवढी एकच फट होती. फटीशी म्हातारा ढोक पक्षी बसे. आतल्यांचे आवाज घारींना ओळखू येऊ नयेत म्हणून सगळ्यांचे निरोप तोच आपल्या घोगऱ्या आवाजात बाहेर सांगे. बाहेरच्यांना वाटे, या रानात एकटा ढोकच राहतो.

उत्तर कोणाचं हे कळावं म्हणून त्यानं सोय केली होती. निरोप देणाऱ्याचं पीस तो कुंपणाच्या एका काट्यावर टोची आणि काट्याचा आकडा निरोपाला जोडून सांगे. उत्तर देणाऱ्यानं तोच आकडा आधी म्हणायचा; मग त्या काट्यावर ज्याचं पीस असेल त्याला उत्तर मिळे. फटीपाशी त्याची चोच पोचेल असे काटे मोजकेच होते. म्हणून सूर्य डोक्यावर येईपर्यंत उत्तर आलं नाही, तर पीस काढायचं असा नियम होता.

कुंपण वाढलं तेव्हा टिटवीचं अंडं बाहेरच्या माळावर राहून गेलं होतं. पिलू जन्मल्यापासून तिचं पीस रोज सकाळी सातव्या काट्यावर लागे.

"ढोकबाबा, त्याला सांगा, अनोळखी आवाज आला की मातीला चिकटून बस. आणि आई आहे म्हणावं."

ढोक तसंच्या तसं ओरडे. थोड्या वेळानं बाहेरून चिमणा आवाज येई, "सात. बसलो होतो, आई."

एके दिवशी उत्तराला उशीर झाला. सूर्य डोक्यावर यायला अजून अवकाश होता, पण मोर पाय आपटत उभा होता. कालचा आपला नाच टेकडीवरून दिसला का, हे त्याला विचारायचं होतं. जगाचं त्यावाचून अडलं होतं जणू! मोराची मर्जी राखायला ढोकानं टिटवीचं पीस काढलं आणि तिथं मोरपीस टोचलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "सात. आई, पाय मोडलाय. कुठं येऊ?"

उत्तर मोराला मिळालं. "हे काय भलतंच!" म्हणून तो निघून गेला. ढोकाला तेव्हाच टिटवीला गाठता आलं असतं. पण मग पीस वेळेआधी का काढलं, तेही सांगावं लागलं असतं.

"माझं काही आलं?" तिनं विचारलं.

"काही नाही, बाई."

त्या दिवशी त्याच्या घशाखाली मासा उतरला नाही. पुढचे दोन दिवस तिच्या निरोपांना उत्तरच आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माझंच काही चुकलं का हो? रुसलं असेल का ते?"

हे मात्र ढोकाला सोसवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं आणि फटीवरून बाजूला झाला. "आज तुमच्या आवाजात हाक मारा, बाई. घारींचं मी बघतो."

पिलू माळावरून खुरडत कुंपणाकडेच येत होतं. ओरडायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. टिटवीनं जीव तोडून हाक मारली. पिलू जागच्या जागी मातीला चिकटलं. ती पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली, तरी ते हललं नाही.

शेवटी ढोकानं मान बाहेर काढून घोगऱ्या आवाजात एकदाच साद घातली. पिलू धडपडत उठलं, फटीतून आत आलं, टिटवीच्या अगदी जवळून गेलं आणि ढोकाच्या पंखाखाली शिरून हळूच म्हणालं, "सात. आई, आलो."