पापडवाली आणि वाऱ्याचा ग्रह

फार पूर्वी, दूरच्या आकाशात एक अगडबंब ग्रह होता. त्याच्यावर ना माती, ना दगड. नुसता वारा आणि ढग. त्याच्याभोवती चंद्रांचं लेंढार फिरायचं. त्यातल्या सगळ्यात धाकट्या चंद्रावर एक गाव होतं आणि त्या गावात एक पापडवाली राहायची.

चंद्रावर जिकडेतिकडे बर्फ. पण गावाच्या मधोमध उकळत्या पाण्याचं कुंड होतं. त्याच्या उबेवर भात पिकायचा, उडीद पिकायचा. चूल, सरपण कुणाला ठाऊकच नव्हतं. फडक्यात तांदूळ बांधून कुंडात सोडले की जेवण तयार. पाणी आपलं गरम असतंच, असं सगळे धरून चालले होते.

पापडवालीचं दुखणं वेगळंच. रोज भरदुपारी ग्रह सूर्याच्या आड यायचा आणि तिचे पापड ओलसर राहायचे. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "मेला नुसता फुगलाय! देणं ना घेणं, ऊन तेवढं अडवून बसतो."

एके दिवशी तिनं पायाखालच्या चंद्रालाच गळ घातली. "चांदोबा, जरा लांब चल ना रे बाबा. किती दिवस त्याच्या सावलीत राहायचं?"

चंद्र म्हणाला, "बाई, त्यानं माझा हात धरलाय. जातो म्हटलं तर अडवणार नाही तो. पण पुन्हा धरेलच असं नाही. नीट विचार कर."

"केला विचार. चल तू!"

चंद्र दूर सरकला. पापड कसे कडकडीत वाळले! गावानं वाहवा केली. पापडवालीचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण कुंड उकळायचं थांबलं. पाणी कोमट झालं, मग गार झालं, आणि काठाला बर्फ धरू लागला. नेमकी तेव्हाच तिची लेक बाळंत झाली. बाळाच्या अंघोळीला तांब्याभर गरम पाणी मिळेना. पोर थंडीनं काळंनिळं पडू लागलं.

पापडवालीला काही सुचेना. हातांना चाळा म्हणून तिनं पापडाचं पीठ कुटायला घेतलं. कुटलं, दुमडलं, पुन्हा कुटलं. गोळा हातात घेतला तर चांगला गरम! तिनं पायाखालच्या चंद्राकडे पाहिलं.

"अगं बाई! तो फुगलेला रात्रंदिवस आपल्या चंद्राला असंच मळत होता. कधी ओढायचा, कधी सैल सोडायचा. त्यानंच याचं पोट गरम राहायचं!"

तिनं तो गोळा फडक्यात गुंडाळून बाळाच्या पायांशी ठेवला आणि सगळ्या गावासमोर ग्रहाला हात जोडले. "चुकले रे बाबा. तुझी ऊब घेतली आणि तुलाच शिव्या दिल्या. माझ्यासाठी नको, या तान्ह्यासाठी तरी परत हात दे."

थोड्या वेळानं पायाखालचा बर्फ करकरला. जमीन जरा ओढली गेली, जरा सैल झाली. कुंडातून एक बुडबुडा वर आला, मग दुसरा. लेकीनं रडत रडतच बाळाला न्हाऊ घातलं. रागाचा एक शब्दसुद्धा ग्रहानं काढला नाही.

आता दुपारी सावली पडली की पापडवाली आधी हात जोडते, मग गरम भात वाढायला घेते. पापड अजूनही थोडे ओलसर राहतात. तिची काही तक्रार नसते.

तात्पर्य: ज्याची सावली आपल्याला खुपते, त्याचीच ऊब कदाचित आपण रोज घेत असतो; ती सरण्याआधीच त्याचे आभार मानावेत.