न खरवडलेला कातळ

डोंगर आजच्याइतकेच म्हातारे होते, पण त्यांच्या अंगावरचे रस्ते नवे होते, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात एक अवघड घाट होता आणि त्या घाटाची राखण एका नाईकाकडे होती. माणूस कामाला चोख. त्याच्या घाटात गुराचं शेणसुद्धा पडल्या जागी फार वेळ टिकत नसे. टापटिपीचं वेडच होतं म्हणा ना त्याला!

तुळशीची लग्नं लागली आणि राजवाड्यातून निरोप आला, "राजकन्येचं वऱ्हाड आठ दिवसांनी घाट उतरून लग्नाला जाईल. वाट लख्ख ठेवा."

नाईक घाट बघायला निघाला. रोजच्याच दरडी, पण आज त्याला त्यांची लाज वाटली. पावसाळ्यातलं शेवाळ अजून हिरवंगार होतं आणि कातळांवर दगडफुलाच्या राखाडी चकत्या होत्या, अंगावर नायटा उठावा तशा.

"राजकन्येनं हे बघायचं?" तो म्हणाला. "खुरपी आणा. सगळं खरवडून काढा!"

चाळीस माणसं कामाला लागली. घाटातल्या पाड्यावर एक म्हातारी राहायची. झाडाखोडांवरचं दगडफूल वेचून ती मसाल्यासाठी बाजारात विकायची. मधल्या वळणावर एक काळा कातळ रस्त्यावर झुकलेला होता. तिथे ती खुरपीवाल्यांना आडवी आली.

"नाईका, येवढा कातळ सोड."

"का? तुझ्या मसाल्यासाठी?" माणसं हसली.

"मसाल्याचं मला झाडावर मिळतं. ही चकती बघ, दगडाच्या सांध्यावर धरलीया. माझ्या आजीनं दावली तवा सुपारीयेवढी होती, आता तळहातायेवढी झालीया. इतकी वर्सं ती अखंड हाय, म्हंजे दगड जाग्यावर हाय. ज्या दिशी ती फाटंल..."

"त्या दिवशी शिवायला ये," नाईक म्हणाला आणि पुन्हा सगळे हसले.

म्हातारीनं वाद घातला नाही. कातळाला पाठ लावून ती खाली बसली आणि बसूनच राहिली. तिला उचलून बाजूला ठेवायला कुणाचाच हात धजेना. शेवटी नाईकानंच नाद सोडला. "राहू दे. वरून झेंडूच्या माळा सोडू, झाकून जाईल."

वऱ्हाडाच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. खरवडलेल्या दरडींवरून लाल चिखल रस्त्यावर उतरला. शेवाळ होतं तोवर असं कधी झालं नव्हतं. झाडून झाडून माणसं थकली. सकाळी ऊन पडलं, तेव्हा नाईक स्वतःच माळा घेऊन काळ्या कातळापाशी गेला.

चकती फाटली होती. मधोमध कोरी भेग आणि दोन्ही अर्धुकं एकमेकांपासून बोटभर लांब.

नाईकानं माळा तिथेच टाकल्या. आणखी कुठे काय हललंय ते कळावं म्हणून तो बाकीचे कातळ बघत धावला. पण सगळा घाट त्याच्याच हुकमानं गुळगुळीत झाला होता, कुठेच काही कळेना. तेवढ्यात वरून सनई ऐकू आली.

आता बघा त्याची पंचाईत. वऱ्हाड थांबवलं आणि कातळ पडला नाही, तर मुहूर्त बुडवला म्हणून नोकरी जाणार, कदाचित मुंडकंही. थांबवलं नाही आणि कातळ पडला, तर... पुढचा विचार त्यानं केलाच नाही. तो चढावर धावत गेला आणि वाटेत हात पसरून उभा राहिला.

"मेणा पुढे जायचा नाही!"

प्रधान घोड्यावरून गरजला, "नाईका, शुद्धीवर आहेस ना? मुहूर्त टळतोय!"

"टळू दे, प्रधानजी. दगडफूल फाटलंय."

वऱ्हाडात हशा पिकला. नाईकाला तो हशा चांगलाच ओळखीचा होता.

एक घटका गेली. कातळ ढिम्म. दुसरी गेली. प्रधानानं खूण केली, तसे दोन शिपायांनी नाईकाचे दंड धरले. "उचला मेणा!" भोई खांदा देणार, तोच खालून कडाडून आवाज झाला आणि पायाखालची जमीन हादरली. धूळ बसली तेव्हा वळणावर रस्ताच नव्हता. काळा कातळ तो घेऊन दरीत गेला होता.

मग एक भोई रडायला लागला आणि रडता रडता हसायला लागला. शिपायांनी नाईकाचे दंड सोडले. त्यानं मेण्याकडे पाहिलं, भोयांकडे पाहिलं, सनईवाल्याकडे पाहिलं. सगळे होते. इतकं हलकं त्याला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

राजकन्या मेण्यातून उतरली. "नाईककाका, तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं, बाईसाहेब. मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी हसलो होतो." त्यानं पाड्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या म्हातारीकडे बोट दाखवलं. मग जाऊन तिचे पाय धरले.

"ऊठ रं," म्हातारी म्हणाली. "माळा तेवढ्या फुकट गेल्या तुझ्या."

वऱ्हाड रानवाटेनं दोन दिवस उशिरा पोचलं. भटजींनी दुसरा मुहूर्त काढला. काढायचाच म्हटलं की तो निघतोच. घाटाच्या दरडींना पुन्हा खुरपं लागू नये, असा राजानं हुकूम केला. नाईकाची नोकरी राहिली, पण शिक्षा त्यानं स्वतःच मागून घेतली: रोज सकाळी म्हातारीच्या मागून घाट चालायचा आणि ती दाखवेल ते मुकाट्यानं शिकायचं. दगडफूल तळहाताएवढं व्हायला त्याचं आयुष्य पुरणार नव्हतं. पण पुढच्या पावसाळ्यात ओल्या दरडींवर कोवळं शेवाळ धरलं, तेव्हा त्यावरून हात फिरवताना त्याचे डोळे भरून आले.

म्हणून सांगतो, एखादी खूण डाग म्हणून पुसून टाकण्याआधी, ती काय सांगते आहे ते जाणत्याला विचारावं.