नखाखालचा हिरवा रंग

फार फार मागं, डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. कुठं होतं, कधी होतं, ते मला विचारू नका. पोरांनो, गप बसून ऐका. थोरांनीही ऐका, खरं तर त्यांनाच जास्त गरज आहे.

त्या राज्यात एक रीत होती. पोराचे दुधाचे दात पडेपर्यंत त्याला उंबऱ्याबाहेर सोडायचं नाही. बाहेर काटा आहे, साप आहे, ऊन आहे. रीत मायेची होती, पण मूर्खपणाची. अशी घरात वाढलेली पोरं मोठी झाली की रानाकडं परक्या गावाकडं बघावं तसं बघायची. भ्यायची आणि लांब राहायची.

गावामागं दोन टेकड्या होत्या, दोन्हींच्या पायथ्याला एकेक झरा. गावाजवळचं जळण संपलं तेव्हा माणसं पहिल्यांदा थोरल्या टेकडीवर चढली. उन्हाळा होता. ऐन, धावडा, सगळ्यांची पानं गळालेली. माणसं म्हणाली, "हे तर मेलेलं रान," आणि सगळं तोडून नेलं. पुढं तिथला झरा आटला. पानं गळाली म्हणजे झाड मरत नाही, एवढंही कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या राज्यात दुसऱ्या मुलखातून एक राणी सून होऊन आली. लहानपणी रानात हुंदडलेली. राजा सरहद्दीवर असायचा, कारभार तीच बघायची. तिनं थोरल्या टेकडीवरचे बुंधे पाहिले आणि काय झालं ते ओळखलं. पोरांना रान शिकवायला माहेरची एक मावशी बोलावून घेतली आणि हुकूम काढला: गावातली सगळी बारकी पोरं, कुणाचीही असोत, रोज सकाळी धाकट्या टेकडीवर जातील, तीच त्यांची शाळा. भाकरी आणि घोंगडी सरकारी कोठारातून.

बाई धीराची. मला तर अशी माणसं आवडतात.

दिवाणाला मात्र ते पटलं नाही. म्हातारा प्रामाणिक होता, पण चिकट.

"बाईसाहेब, पोरं चिखलात लोळतात, मुंग्या बघतात. याला शिक्षण म्हणायचं?"

"म्हणायचं."

"मग ज्याला हौस असेल त्यानं घरची भाकरी न्यावी. कोठार कशाला?"

"लाकूडतोड्याच्या घरात भाकरी उरत नाही, दिवाणजी. त्याचं पोर घरीच बसेल. उद्या कुऱ्हाड त्याच्याच हातात येणार आहे."

दिवाण गप्प बसला नाही. असली माणसं बसत नाहीत. शेवटी राणी म्हणाली, "पावसाळ्यापर्यंत चालू द्या. तोवर उपयोग दिसला नाही, तर मी स्वतः शाळा बंद करीन."

उन्हाळा आला. राणी राजाला भेटायला सरहद्दीवर गेली होती. गावात जळण संपलं, चुली पेटेनात. दिवाणानं धाकट्या टेकडीकडं बघितलं. तिथंही नुसते खराटे उभे. तो म्हणाला, "हेही रान मेलं. तोडा."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ही टेकडी उघडी झाली असती, तर गावाला प्यायला पाणी उरलं नसतं.

लाकूडतोडे टेकडीवर पोचले. दिवाणही जातीनं आला. तेवढ्यात पोरं चढून आली; मावशी मागं राहिलेल्यांना हाताला धरून आणत होती. पुढं होती ती लाकूडतोड्याचीच लेक. पुढचे दोन दात पडलेली, पायाला चिखल.

"बा, काय करतोस?"

"तोडतोय. मेलंय ते."

"कुणी सांगितलं?"

"दिवाणसाहेबांनी."

पोरगी दिवाणाकडं वळली. "आजोबा, तुम्ही हात लावून बघितला का?"

लाकूडतोड्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घालवलं.

पोरीनं खालची एक बारीक डहाळी वाकवली आणि नखानं साल खरवडली. आत हिरवंगार, ओलं. बापानं दुसऱ्या झाडाची खरवडली. तीही हिरवी. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"साहेब, हे जितं आहे. मी नाही तोडणार."

"हुकूम आहे माझा."

"मग तुम्हीच मारा घाव."

दिवाण तावातावानं पुढं झाला आणि त्यानं आपल्या नखानं साल खरवडली. त्याच्या नखाखाली हिरवा रंग लागला. मग पोरीला म्हणाला, "हे तुला मावशीनं शिकवलं?"

"नाही. आम्ही रोज येतो ना. दिसतंच की."

मग पोरंच टेकडीभर पांगली आणि खरवडून जिथं आत तपकिरी लागलं, ती वाळकी लाकडं दाखवत सुटली. "हे न्या, हे नको, हे न्या." संध्याकाळी गावातल्या चुली पेटल्या आणि एकही जितं झाड पडलं नाही.

राणी परतली तेव्हा दिवाण वेशीवर उभा होता. म्हणाला, "बाईसाहेब, शाळा चालू ठेवा. बंद करायचीच असेल, तर ती दात पडेपर्यंत कोंडायची रीत बंद करा."

रीत बंद झाली. पाऊस पडला, टेकडी हिरवी झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यातही झरा वाहत राहिला. त्याचं पाणी दिवाणाच्या घरी गेलं आणि लाकूडतोड्याच्याही.

तात्पर्य: लहान पोरांना रान दाखवायचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा, कारण त्या रानाचं पाणी सगळेच पितात.