भिंतींवाचून दारे

आपल्या आजीच्या आजीलाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, निळ्या डोंगरांच्या कुशीत एक गाव होते. त्या गावात झोप पायी येत असे.

दिवेलागण झाली की प्रत्येक मूल उशाशी लाकडी तुकड्यांचे खेळघर रचायचे. चार भिंती, वर छप्पर आणि पुढे एक चिमुकले नक्षीदार दार. धुक्यासारखी मऊ झोप गल्लीगल्लीतून हिंडत यायची, त्या दारातून आत शिरायची आणि मूल जांभई द्यायचे. ही खेळघरे करणारा म्हातारा सुतार केव्हाच वारला होता, आणि दुसऱ्या कोणी तासलेल्या लाकडाकडे झोप ढुंकूनही बघत नसे.

एकदा राजधानीत राजकन्येच्या खेळघराचे दार हरवले. राजाच्या माणसाने या गावातून एक दार नेले आणि बदल्यात दुभती गाय दिली. राजकन्या त्याच संध्याकाळी झोपी गेली. गाव मात्र जागे झाले.

जुन्या बाजारात दारांखेरीज दुसरे बोलणे उरले नाही. एका दाराला आधी एक गाय मिळे, मग दोन मिळू लागल्या, मग वासरांसकट. राजकन्येला दार एकच हवे होते आणि ते मिळालेही होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण भाव चढत असताना असे काही बोलणे त्या गावात असभ्य मानले जाई.

गावात एक अत्तरवाला राहत होता. माणूस स्वभावाने चांगला. दोष एवढाच की तो स्वतःला हुशार समजे. शेजारचा कासार त्याला म्हणाला, "काय हो अत्तरवाले, पोरीच्या उशाशी अजून गाय बांधून ठेवलीय?"

अत्तरवाल्याने मुलीच्या खेळघराचे दार काढून घेतले.

"बाबा, आता झोप कुठून येईल?" मुलीने विचारले.

"येईल गं खिडकीतून. थोडे दिवस कळ काढ. भाव आणखी चढला की तुला चंदनाचं घर आणतो."

"झोप म्हणजे काय मांजर आहे, खिडकीतून यायला?" बायको चुलीपाशी पुटपुटली.

पण अत्तरवाला विकणाऱ्यांतला नव्हता, साठवणाऱ्यांतला होता. त्याने गुलाबाच्या, केवड्याच्या कुप्या देऊन गावातली दारे गोळा केली आणि अत्तराच्या पेटीत भरली. मागे उरलेल्या भिंतींना कोणी विचारीना. त्या घरोघरी पायात येऊ लागल्या, तेव्हा लोकांनी आंघोळीचे पाणी तापवायला घेतल्या. अत्तरवाल्यानेही घेतल्या. पाणी छान तापले.

मुलगी मात्र झोपेनाशी झाली. ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. नुसती उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडून राहायची. तिचे गाल उतरले. बोलता बोलता ती मधेच थांबायची आणि काय बोलत होती ते विसरून जायची. अत्तरवाल्याने दारे विकून तिला घर आणायचे ठरवले. पेटी डोक्यावर घेऊन तो राजधानीला निघाला.

तिथला बाजार दारांनी भरून गेला होता. एकाही गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता.

"कोण घेणार, बाबा?" एक व्यापारी म्हणाला. "भिंती आमच्याकडेही जळल्या. दार काय आता हवेला लावू?"

अत्तरवाला पेटी घेऊन तसाच परतला. संध्याकाळी त्याने सगळी दारे मुलीच्या अंथरुणाभोवती उभी केली. झोप आली. एका दारातून आत गेली, पलीकडून बाहेर पडली. दुसऱ्यातून गेली, पुन्हा बाहेर. आत असे काही नव्हतेच.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, दारं किती झाली! घर कुठंय?"

अत्तरवाल्याचे डोळे भरून आले.

"रडता काय? बसा खाली," बायको म्हणाली. तिने उशाशी एकच दार ठेवले. "हात उभे धरा. असे. आता तुमच्या दोन भिंती आणि माझ्या दोन."

चार तळव्यांचे घर झाले. तिने वरून पदर ओढला, त्याचे छप्पर झाले.

झोप दाराशी घुटमळली. तळवे तिने निरखून पाहिले. ते कोण्या सुताराने तासलेले नव्हते, पण उबदार होते. ती वाकून आत गेली, आणि मुलीच्या पापण्या मिटल्या.

ही बातमी सकाळी गावभर झाली, आणि अत्तरवाल्याने ज्याचे दार त्याला परत दिले. तेव्हापासून दिवे लागले की त्या गावातला बाजार ओस पडतो. कासार, सावकार, पाटील, सगळे आपापल्या पोरांच्या उशाशी तळवे उभे धरून बसतात. हातांना रग लागते, नाकावर माशी बसते, पण भिंतीला हलून चालत नाही.

बोध हाच की, मोलाची वस्तू ज्या साध्या वस्तूंच्या आधाराने उभी असते, त्या जाळून टाकल्या तर तिचेही मोल उरत नाही.